गाठीतील जनुकीय बदलांवरून निदान आणि उपचार: तपासणी मागण्यापासून अहवाल हाती आल्यानंतरपर्यंत

फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाचे (ग्रंथींसारख्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाचे) दोन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवले, तर अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही (ऊती तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरलाही) त्यांच्यात फरक सापडेलच असे नाही. पेशींची ठेवण सारखी असते, केंद्रके सारखीच बेढब असतात आणि अहवालात उतरणारे शब्दही तेच असतात. तरीही एका गाठीत ईजीएफआर या जनुकातील एकच अक्षर बदललेले असू शकते आणि दुसरीत एएलके जनुकाचा तुकडा भलत्याच जनुकाला जाऊन जोडलेला असू शकतो. पहिल्या रुग्णाला ओसिमर्टिनिबची गोळी लागू पडते, दुसऱ्याला अलेक्टिनिबची. औषधांची अदलाबदल झाली तर दोघांच्याही हाती काही लागत नाही. गाठीतील जनुकीय बदल तपासण्याचा सारा खटाटोप या एका फरकासाठी असतो.

ही वाट तशी जुनी आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे १९६० मध्ये दिसले. ते नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून तयार होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले. आणि त्या अदलाबदलीतून जन्मणाऱ्या बीसीआर-एबीएल या प्रथिनाला अडवणारे इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळून रुग्णांपर्यंत पोहोचले. म्हणजे खूण सापडल्यापासून तिच्यावर औषध मिळेपर्यंत चाळीस वर्षे गेली. पुढे हा काळ झपाट्याने कमी होत गेला. फुप्फुसाच्या कर्करोगातील एएलकेची जोडणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरचे पहिले औषध २०११ मध्येच मान्य झाले.

रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि ही तपासणी नुकतीच मागवू लागलेले डॉक्टर यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. अहवाल निरुपयोगी ठरतो तेव्हा दोष यंत्राचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा चूक यंत्रापर्यंत नमुना पोहोचण्यापूर्वी झालेली असते किंवा अहवाल छापून आल्यानंतर होते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून प्रयोगशाळेतील रसायनांपेक्षा या दोन टप्प्यांवर इथे अधिक भर दिला आहे.

पहिली पायरी: तपासणीला कोणता प्रश्न विचारायचा आहे ते ठरवणे

‘सगळी जनुके तपासून घेऊ’ ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण तपासणी कशासाठी हे ठरलेले नसेल तर आलेल्या उत्तराचे काय करायचे हेही ठरत नाही. साधारणपणे चार प्रश्न असतात. हा नेमका कोणता कर्करोग आहे? याच्यावर कोणते औषध चालेल, आणि कोणते चालणार नाही? आधी चालत असलेले औषध आता का चालेनासे झाले? आणि हा आजार घराण्यातून आलेला आहे का?

पहिला प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो, कारण जनुकीय तपासणी म्हणजे औषधाची निवड असे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. वास्तविक काही कर्करोगांचे नावच आता जनुकीय बदलावरून ठरते. मेंदूतील गाठीला ऑलिगोडेंड्रोग्लिओमा म्हणायचे असेल, तर आयडीएच जनुकातील म्युटेशन (जनुकीय बदल) आणि पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्रांच्या ठरावीक भुजा एकत्र गळालेल्या असणे, या दोन्ही गोष्टी दिसाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणाने हे सुरू केले आणि २०२१ च्या वर्गीकरणाने ते आणखी पक्के केले. लहान, गोल, निळ्या पेशींच्या गाठी एकमेकींसारख्याच दिसतात. त्यांत ईडब्ल्यूएसआर१ आणि एफएलआय१ यांची जोडणी मिळाली की निदान युइंग सार्कोमाकडे झुकते. पॉलिसायथेमिया व्हेरा या रक्ताच्या आजारात सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये जेएके२ जनुकातील एकच ठरावीक बदल सापडतो. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात तर वेळेचाही प्रश्न असतो. पीएमएल-आरएआरए ही जोडणी सिद्ध होण्याची वाट न पाहता, नुसती दाट शंका आली तरी ट्रेटिनॉइन हे औषध सुरू करतात, कारण या आजारात पहिल्या काही दिवसांतील रक्तस्राव जीव घेऊ शकतो. जनुकीय अहवाल नंतर येऊन त्या निर्णयावर शिक्कामोर्तब करतो.

तपासणीच्या मागणीपत्रावर हा प्रश्न एका ओळीत लिहावा. आजाराचा टप्पा, आधी घेतलेले उपचार आणि नमुना शरीराच्या कोणत्या भागातून कधी घेतला, हेही सोबत असावे. ज्या मागणीपत्रावर केवळ ‘कार्सिनोमा’ एवढाच शब्द असतो, त्याचा अहवाल तयार करणारा तज्ज्ञ अंधारात चाचपडत असतो.

दुसरी पायरी: गाठीतील बदल आणि जन्मजात बदल यांतील फरक ओळखणे

गाठीतील बहुतेक म्युटेशन आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत घडतात आणि तिच्या वंशजांपुरतेच राहतात. ते मुलाबाळांकडे जात नाहीत. याउलट काही बदल आईवडिलांकडून आलेले असतात आणि शरीरातील प्रत्येक पेशीत असतात. बीआरसीए१, बीआरसीए२ किंवा लिंच सिंड्रोमशी (मोठ्या आतड्याच्या व इतर काही कर्करोगांचा घराण्यात चालणारा धोका) निगडित एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही जनुके त्यांपैकी ठळक होत. गाठीचा तुकडा तपासताना दोन्ही प्रकारचे बदल एकाच अहवालात दिसू शकतात. त्यामुळे नमुना देण्यापूर्वीच रुग्णाला सांगायला हवे की, या तपासणीतून त्याच्या भावंडांशी आणि मुलांशी संबंधित माहितीही निघू शकते. ही गोष्ट आधी न सांगता नंतर अचानक समोर ठेवणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

तिसरी पायरी: नमुना नीट मिळवणे

तपासणीचे यश सर्वांत जास्त इथेच ठरते आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिले जाते.

बायोप्सीची सुई आत जाते आणि शेवयांसारखे दोन-तीन बारीक तुकडे बाहेर येतात. त्यांतून आधी नेहमीची स्लाइड तयार होते, मग पेशींचा प्रकार ठरवण्यासाठी आठ-दहा विशेष रंगांच्या स्लाइडी कापल्या जातात आणि शेवटी पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमध्ये ऊतीचा जेमतेम पापुद्रा उरतो. नेमक्या अशा वेळी जनुकीय तपासणीची मागणी येते. हे टाळायचे असेल तर बायोप्सीच्या आधीच पॅथॉलॉजिस्टला कळवावे की जनुकीय तपासणी लागणार आहे. मग तो पहिल्याच वेळी काही कोऱ्या स्लाइडी कापून बाजूला ठेवतो आणि निदानासाठीचे रंग मोजकेच वापरतो. शक्य असेल तिथे बारीक सुईने पेशी ओढण्याऐवजी जाड सुईने तुकडे घेणे चांगले, आणि तेही एकापेक्षा अधिक.

तुकडा हवेत पडून न राहता लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. तिथे तो साधारण ६ ते ७२ तास राहावा. याहून कमी वेळ राहिल्यास ऊती पक्की होत नाही आणि दिवसेंदिवस पडून राहिल्यास डीएनएचे तुकडे तुकडे होतात. सुट्यांच्या काळात बाटली फडताळात राहून गेली की पुढे यंत्रावर ‘डीएनएचा दर्जा अपुरा’ असा शेरा येतो, आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. हाडातील गाठीचे दुखणे आणखी वेगळे आहे. हाड कापण्याजोगे मऊ करण्यासाठी ते तीव्र आम्लात ठेवतात आणि ते आम्ल डीएनए नष्ट करते. म्हणून हाडातील नमुना जनुकीय तपासणीसाठी असेल तर ईडीटीएचे सौम्य द्रावण वापरण्यास सांगावे, किंवा गाठ दुसरीकडेही पसरली असेल तर नमुना तिथून घ्यावा.

यानंतरचे काम बाहेरच्या कोणाला दिसत नाही, पण त्याचे मोल मोठे आहे. पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पाहतो आणि बारीक पेनने काचेवर एक वर्तुळ काढतो. आतला भाग खरवडायचा, बाहेरचा सोडायचा. वर्तुळात कर्कपेशी किती टक्के आहेत, याचा अंदाज तो लिहितो. पुष्कळ प्रयोगशाळा किमान २० टक्के कर्कपेशींची अपेक्षा ठेवतात, कारण उरलेल्या पेशी निरोगी असतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा आवाज त्या गर्दीत बुडून जातो. रुग्णाच्या हाती आलेल्या अहवालात हा आकडा बहुधा असतो. तो शोधून पाहावा.

चौथी पायरी: कोणती चाचणी करायची

एकच ठरावीक बदल शोधायचा असेल आणि उत्तर लवकर हवे असेल, तर पीसीआरवर आधारित चाचणी पुरते. ती काही दिवसांत होते. जनुकांची जोडणी पाहण्यासाठी, जनुकांना चमकणाऱ्या खुणा लावणारी फिश ही चाचणी आहे, तर काही प्रथिने इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या रंगानेच दिसतात: स्तनाच्या कर्करोगातील हर-२, फुप्फुसातील एएलके आणि डीएनए दुरुस्तीची चार प्रथिने ही त्याची नेहमीची उदाहरणे. रंगाच्या चाचण्या स्वस्त आणि जलद असतात, त्यामुळे मोठे पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) मागवले म्हणून त्या सोडून देऊ नयेत.

जिथे अनेक जनुकांचा प्रश्न असतो, तिथे नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग, म्हणजे एनजीएस, ही अनेक जनुकांची अक्षरे एकाच वेळी वाचणारी पद्धत वापरावी. प्रगत अवस्थेतील फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात ईजीएफआर, एएलके, आरओएस१, बीआरएएफ, केआरएएस, एमईटी, आरईटी, हर-२ आणि एनटीआरके एवढी नावे निर्णयाला लागतात. ही एकामागून एक तपासत बसले तर ऊती संपते आणि आठवडे निघून जातात. एकदाच पॅनेल केलेले बरे. मात्र पॅनेलमध्ये पन्नास जनुके असोत की पाचशे, आपल्याला हवी असलेली त्यात आहेत का आणि हव्या त्या प्रकारचा बदल ते पकडते का, हे पाहणे महत्त्वाचे. जनुकांच्या जोडण्या आणि एमईटीचा चौदावा एक्सॉन (जनुकाचा एक खंड) गळणे, हे बदल केवळ डीएनएवरून निसटू शकतात. त्यासाठी आरएनएची (डीएनएवरून पेशीत बनणाऱ्या प्रतीची) तपासणी अधिक भरवशाची ठरते. कधीही धूम्रपान न केलेल्या तरुण रुग्णाच्या फुप्फुसाच्या गाठीत डीएनए पॅनेलला काहीच सापडले नाही, तर आरएनए तपासल्याशिवाय शोध थांबवू नये.

पाचवी पायरी: अहवालाची वाट पाहायची की उपचार सुरू करायचे

एनजीएसचा अहवाल यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. गाठ वाढते आहे हे माहीत असताना हे दिवस रुग्णाला आणि घरच्यांना फार जड जातात, आणि ‘आजच काहीतरी सुरू करा’ हा आग्रह समजण्यासारखा आहे. प्रकृती स्थिर असेल तर वाट पाहणे बहुधा हिताचे असते. धाप, मेंदूवरचा दाब किंवा झपाट्याने खालावणारी प्रकृती असेल तर थांबता येत नाही. अशा वेळी केमोथेरपीची एखादी फेरी देऊन अहवाल आल्यावर दिशा बदलता येते.

एका बाबतीत मात्र विशेष सावधगिरी हवी. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरचा अहवाल येण्याआधी घाईने इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे औषध) देऊ नये. ईजीएफआर म्युटेशन असलेल्या गाठींना तिचा उपयोग सहसा थोडाच होतो. आणि तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब दिले तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. इम्युनोथेरपीचा परिणाम शरीरात महिनोन्महिने राहत असल्याने ती थांबवली म्हणजे धोका टळला, असेही होत नाही. इम्युनोथेरपी ठरवताना पाहिल्या जाणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनाचा आकडा लवकर येतो आणि जनुकांचा उशिरा, म्हणून ही चूक घडते. दोन्ही आकडे समोर आल्यावरच निर्णय घ्यावा.

सहावी पायरी: अहवाल वाचणे

अहवाल वीस-वीस पानांचा असतो. समजा, त्यात अशी एक ओळ आहे: ‘ईजीएफआर, एक्सॉन २१, सी.२५७३टी>जी, पी.एल८५८आर, व्हीएएफ १२ टक्के, श्रेणी १’. ही ओळ उलगडून पाहू. ‘सी.’ नंतरचा भाग सांगतो की जनुकाच्या सांकेतिक साखळीत २५७३ व्या जागी टी या अक्षराऐवजी जी आले आहे. ‘पी.’ नंतरचा भाग त्याचा प्रथिनावरील परिणाम सांगतो: ८५८ व्या जागी ल्युसिन हवे होते, तिथे आर्जिनिन आले. या एका बदलाने ईजीएफआरचा खटका चालू स्थितीत अडकून राहतो आणि पेशीला ‘वाढ, वाढ’ असा संदेश मिळत राहतो.

व्हीएएफ म्हणजे त्या जागेच्या एकूण वाचनांपैकी किती वाचनांत बदल दिसला. ५०० वाचनांपैकी ६० मध्ये दिसला, तर १२ टक्के. आता याला पॅथॉलॉजिस्टच्या अंदाजाशी ताडून पाहावे. नमुन्यात कर्कपेशी ३० टक्के असतील आणि प्रत्येक कर्कपेशीत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असेल, तर १५ टक्क्यांच्या आसपास आकडा अपेक्षित आहे. १२ टक्के त्याला धरून आहे, म्हणजे हा बदल गाठीच्या बहुतेक पेशींत असावा. त्याच नमुन्यात बीआरसीए२ मधील एखादा बदल ४९ टक्के दिसला, तर मात्र कान टवकारावेत. ३० टक्केच कर्कपेशी असताना निम्म्या वाचनांत दिसणारा बदल निरोगी पेशींतही असण्याची, म्हणजे जन्मजात असण्याची, दाट शक्यता असते. एवढा एक हिशेब करून पाहिल्याने एखाद्या कुटुंबाला पुढच्या पिढीतला कर्करोग वेळीच गाठता येतो, आणि मला या साऱ्या कामातील ही सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते.

श्रेणींची पद्धत अमेरिकेतील तीन व्यावसायिक संघटनांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन घालून दिली. पहिल्या श्रेणीतील बदलावर निर्णय घेण्याइतका भक्कम पुरावा असतो, दुसरीतील बदल उपयोगी ठरण्याची शक्यता असते, तिसरीतील बदलाचा अर्थ अजून लागलेला नसतो आणि चौथीतील बदल निरुपद्रवी असतो. रुग्णांची सर्वाधिक घालमेल तिसऱ्या श्रेणीमुळे होते. अहवालात अशी दहा नावे असली म्हणजे आजार दहापट वाईट आहे, असे मुळीच नाही. गाठीत शेकडो बदल असतात. त्यांतले मोजकेच तिला पुढे ढकलतात आणि बाकीचे नुसते सोबत वाहत आलेले असतात. तिसऱ्या श्रेणीतील बदलावर औषध देऊ नये, आणि तो बदल नातेवाइकांत शोधत फिरू नये.

आणखी एक भेद अगदी डोळ्यांत तेल घालून पाहावा. ‘बदल आढळला नाही’ आणि ‘तपासणी होऊ शकली नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. डीएनए कमी पडला, एखाद्या जनुकाच्या भागाची पुरेशी वाचने मिळाली नाहीत किंवा तो भाग पॅनेलमध्येच नव्हता, तर ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पहिल्या पानावर मात्र ‘महत्त्वाचा बदल आढळला नाही’ असे वाक्य असते. शेवटचे पान न वाचता पहिल्या पानावर विसंबून राहिल्यामुळे, गोळीने बरे दिवस पाहू शकणारा रुग्ण केवळ केमोथेरपीवर राहिला, असे घडू शकते. ही चूक निदान आपल्या हातून घडू देऊ नये.

सातवी पायरी: बदलावरून औषधापर्यंत जाणे

बदल तोच, औषध तेच, पण अवयव वेगळा असला की परिणामही वेगळा होतो. बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हा बदल त्वचेच्या मेलॅनोमात सुमारे निम्म्या रुग्णांत सापडतो, आणि बीआरएएफला अडवणारे वेमुराफेनिब दिल्यावर त्यांच्यातील साधारण अर्ध्या रुग्णांच्या गाठी आक्रसतात. तोच बदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे औषध एकटे दिले, तेव्हा जवळपास काहीच घडले नाही. आतड्याच्या पेशीत बीआरएएफ अडवले की ईजीएफआरचा मार्ग उसळून वर येतो आणि वाढ चालूच राहते, हे नंतर कळले. म्हणून तिथे बीआरएएफला अडवणाऱ्या एन्कोराफेनिबसोबत ईजीएफआरला अडवणारे सेटुक्सिमॅब देतात. ही जोडी २०२० मध्ये मान्य झाली. ‘या म्युटेशनवर औषध आहे’ हे वाक्य ऐकल्यावर लगेच विचारावे: कोणत्या अवयवातील कर्करोगात, आणि एकटे की कशासोबत?

अवयव न पाहता देता येणारी औषधे थोडी आहेत. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा मोडलेल्या गाठींसाठी पेम्ब्रोलिझुमॅबला मे २०१७ मध्ये अमेरिकेत मिळालेली मान्यता ही अशी पहिली. एनटीआरके जोडणीसाठी लॅरोट्रेक्टिनिब २०१८ मध्ये आले.

काही बदल औषध कोणते द्यावे याऐवजी कोणते देऊ नये हे सांगतात, आणि त्यांचे महत्त्व तसूभरही कमी नाही. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात सुमारे ४० टक्के रुग्णांत केआरएएसचे म्युटेशन असते. अशांना सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब दिल्यास लाभ होत नाही, त्वचेवरचे पुरळ आणि खर्च तेवढा पदरी पडतो. जिस्ट या पचनमार्गातील गाठीत इमॅटिनिब उत्तम चालते, पण पीडीजीएफआरए जनुकातील डी८४२व्ही हा बदल असेल तर ते चालत नाही. ईजीएफआरमध्येही एक्सॉन १९ मधील गळती आणि एल८५८आर यांवर नेहमीच्या गोळ्या चालतात, तर एक्सॉन २० मधील भर या प्रकारावर त्या बहुधा चालत नाहीत. नुसते ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ एवढे शब्द त्यामुळे पुरेसे नाहीत. बदलाचे पूर्ण नाव पाहिजे.

पुराव्याविना म्युटेशनच्या मागे लागू नये, हेही आवर्जून सांगायला हवे. फ्रान्समधील शिवा या चाचणीत, मान्य उपचार संपलेल्या रुग्णांना गाठीतील बदलांवरून मान्यतेबाहेरची औषधे दिली गेली आणि डॉक्टरांच्या नेहमीच्या निवडीशी तुलना केली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजार आटोक्यात राहण्याच्या काळात फरक दिसला नाही. अशा सीमेवरच्या बदलांसाठी कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, जनुकशास्त्रज्ञ आणि समुपदेशक एकत्र बसून विचार करतात, ती मॉलिक्युलर ट्यूमर बोर्डाची बैठक मागावी, आणि सुरू असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये जागा आहे का, हे विचारावे.

आठवी पायरी: रक्तातून तपासणी

मरणाऱ्या कर्कपेशींचा डीएनए रक्तात उतरतो. साधारण १६६ अक्षरजोड्यांचे हे तुकडे असतात आणि ते रक्तात जेमतेम एक-दोन तास टिकतात, त्यामुळे ते गाठीची आजची स्थिती दाखवतात. ऊती मिळणे अवघड असेल, पुरेशी नसेल किंवा उत्तर लवकर हवे असेल, तेव्हा लिक्विड बायोप्सी उपयोगी पडते. रक्त साध्या ईडीटीए नळीत घेतले तर काही तासांतच प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) वेगळा करावा लागतो. नमुना दूर पाठवायचा असेल तर पेशी फुटू न देणाऱ्या खास नळ्या वापराव्यात. औषधाने गाठ आटोक्यात असताना रक्त घेऊ नये, कारण त्या वेळी डीएनए जवळजवळ उतरतच नाही.

रक्तात बदल सापडला तर त्यावर बहुधा निर्णय घेता येतो. सापडला नाही तर मात्र तो नाहीच, असे म्हणता येत नाही. ऊतीकडे वळावे लागते. शिवाय वयाबरोबर रक्ताच्या मूळपेशींतही डीएनएमटी३ए, टीईटी२ यांसारख्या जनुकांत बदल साचत जातात, आणि ते गाठीचे असल्याचा भास होतो. एटीएम किंवा सीएचईके२ मधील बदल प्लाझ्मात दिसला, तर तो श्वेतपेशींत आहे का हे तपासल्याशिवाय त्यावरून उपचार ठरवू नयेत.

नववी पायरी: औषध चालेनासे झाल्यावर पुन्हा तपासणे

गाठ बदलत राहते. पहिल्या पिढीच्या ईजीएफआर गोळ्यांवर आजार पुन्हा वाढलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत टी७९०एम हा नवा बदल सापडत असे आणि ओसिमर्टिनिब मुळात त्यासाठीच घडवले गेले. ओसिमर्टिनिबनंतर सी७९७एस किंवा एमईटीच्या प्रती वाढणे असे वेगळेच मार्ग दिसतात. स्तनाच्या कर्करोगात ॲरोमाटेज इन्हिबिटर (शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणारी औषधे) दीर्घकाळ घेतल्यावर ईएसआर१ मध्ये बदल येतो, तो रक्तातून कळतो, आणि त्यासाठी २०२३ पासून एलासेस्ट्रांट उपलब्ध झाले. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या अहवालावर आजचा निर्णय घेऊ नये.

इथे ऊतीची बायोप्सी सहसा टाळू नये, असे मी सुचवेन. काही रुग्णांत ईजीएफआर म्युटेशन असलेली ॲडिनोकार्सिनोमाची गाठ आपले रूपच बदलते आणि स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारचा कर्करोग होते. डीएनएतील मूळ म्युटेशन तसेच राहते, म्हणून रक्ताचा अहवाल पूर्वीसारखाच दिसतो. उपचार मात्र पूर्ण बदलावे लागतात. हा पालट पॅथॉलॉजिस्टला साध्या स्लाइडवर दिसतो.

रक्ताच्या कर्करोगात जनुकीय बदलाची अशी पुन्हा पुन्हा मोजणी सवयीची झाली आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएलचे प्रमाण आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ०.१ टक्के किंवा त्याखाली गेले की त्याला मोठा जनुकीय प्रतिसाद म्हणतात. मोजणी दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकड्यांची तुलना विश्वासार्ह राहते.

दहावी पायरी: घरच्यांपर्यंत पोहोचणे

गाठीत जन्मजात बदलाची शंका आली तर तेवढ्यावर थांबू नये. रक्त किंवा लाळेच्या नमुन्यावर स्वतंत्र तपासणी करून खात्री करावी. उलट दिशेनेही सावध राहावे. गाठीच्या पॅनेलमध्ये बीआरसीएचा बदल दिसला नाही म्हणून जन्मजात बदल नाहीच, असे ठरत नाही, कारण जनुकाचे मोठे तुकडे गळालेले असतील तर काही पॅनेलना ते दिसत नाहीत. अंडाशयाचा कर्करोग, स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आणि तरुण वयातील स्तनाचा कर्करोग यांत घरात कोणाला आजार नसला तरीही ही तपासणी सुचवावी.

मोठ्या आतड्याच्या गाठीत एमएलएच१ प्रथिन दिसत नसेल तर घाबरून जाण्यापूर्वी बीआरएएफ व्ही६००ई किंवा एमएलएच१ च्या मिथायलेशनची (जनुक बंद करणाऱ्या रासायनिक खुणेची) चाचणी पाहावी. यांपैकी काही सापडले तर कारण बहुधा गाठीपुरते मर्यादित असते. दोन्ही नसतील तर लिंच सिंड्रोमची शक्यता वाढते. तो सिद्ध झाला तर प्रत्येक भावंडात आणि मुलात तोच बदल असण्याची शक्यता ५० टक्के असते. ज्यांच्यात तो आहे त्यांना कोलोनोस्कोपी लवकर सुरू करून ठरावीक अंतराने करत राहता येते आणि ज्यांच्यात नाही त्यांची त्या टांगत्या चिंतेतून सुटका होते. हे सांगताना प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक सोबत असावा. तपासणी करून घ्यायची की नाही, हा निर्णय प्रत्येक नातेवाइकाचा स्वतःचा असतो, हेही तिथे स्पष्ट सांगितले जाते.

मूळ अहवाल, पॅराफिन ब्लॉकचा क्रमांक आणि तो ब्लॉक कुठे ठेवला आहे याची नोंद घरी एकत्र जपून ठेवावी. आज तिसऱ्या श्रेणीत असलेल्या एखाद्या बदलाचा अर्थ दोन वर्षांनी लागू शकतो, किंवा आज औषध नसलेल्या बदलावर औषध येऊ शकते. केआरएएसच्या जी१२सी या बदलावर कित्येक दशके काहीच चालत नव्हते, आणि २०२१ मध्ये सोटोरासिब आले. त्या वेळी नवी सुई न टोचता जुन्या ब्लॉकमधून चार पापुद्रे कापून काम भागू शकते, मात्र त्यासाठी तो ब्लॉक सापडायला हवा.